राखणीचं वर्ष

गारा सुरू झाल्या तेव्हा सेवेरिनो तार्कीपाशी नऊ रॉकेटं होती. चार वर जाऊन फुटली. दोन जागच्या जागी फुसफुसून विझली. एक तिरकं गेलं आणि लोकरीसाठी पाळलेल्या लामांच्या कळपात शिरलं. उरलेली दोन त्याने पेटवलीच नाहीत, कारण तोवर ढग टेकडीवर येऊन बसला होता.

वीस मिनिटांत सगळं आटोपलं. खाली सामायिक रानात त्रेचाळीस घरांच्या बटाट्याच्या पट्ट्या होत्या. तळ्याकडचा निम्मा भाग हिरवा राहिला, टेकडीकडचा निम्मा पांढरा झाला. फुलावर आलेली रोपं देठापासून तुटून गारांखाली गेली होती. सेवेरिनो खोपटाच्या दारात उभा राहून पाहत होता. त्याच्या अंगावर राखणदाराचा, डोक्यातून घालायचा जाड लोकरीचा तपकिरी पोंचो होता, छातीवर आडवा चाबूक होता. ढग थांबवण्यासाठी गावाने दिलेलं जे काही होतं, ते सगळं त्याच्याजवळ होतं.

वीलापाता गावात राखणदारी घरांच्या पाळीने येते. पेरणीपासून फेब्रुवारीतल्या कार्निव्हलपर्यंत राखणदाराने टेकडीवरच्या खोपटात राहायचं. गावाने त्याला ताता, म्हणजे बाबा, म्हणायचं. घरी झोपायचं नाही, मीठ खायचं नाही. बायकोने अळणी जेवण घेऊन अर्ध्या वाटेवरच्या पांढऱ्या दगडापर्यंत यायचं, भांडं ठेवायचं, दोन शब्द बोलायचे आणि परत जायचं. त्याने दंव आणि गारा यांच्यावर नजर ठेवायची. पूर्वी शिंग फुंकत, आता रॉकेटं उडवतात. जमीनदाराचं राज्य होतं तेव्हा राखणदार होता. त्याच्याही आधी, चांदीच्या खाणीसाठी गावातून माणसं मोजून नेत, तेव्हाही होता, असं म्हातारे सांगत. पीक आलं की प्रत्येक घर आपल्या पट्टीतल्या दोन सऱ्या राखणदाराला देई. पीक गेलं तर का गेलं, याचं उत्तर राखणदाराने द्यायचं.

संध्याकाळच्या आत सगळं गाव रानाच्या बांधावर जमलं. कासिमिरो अपासाची पट्टी टेकडीला लागून होती. म्हणजे आता नव्हती.

"काय रे सेवेरिनो," तो म्हणाला, "ढगावर नेम धरला होतास की माझ्या लामांवर? त्या भिऊन पार तळ्यापर्यंत गेल्या. ढग काही हलला नाही."

दोघेचौघे हसले. मग कासिमिरोने वाकून एक रोप उचललं, त्याचा खराटा झाला होता, आणि हसणं थांबलं.

"रॉकेटं ओली होती," सेवेरिनो म्हणाला.

"रॉकेटं दरवर्षीच ओली असतात," गावचा मायकु इलारियोन चोके म्हणाला. मायकु म्हणजे गावचा प्रमुख. तोही पाळीनेच होतो, पण इलारियोन जन्मापासून मायकु असल्यासारखा बोलायचा. "ढग उगाच येत नाही, ताता. मागायला येतो. कुणीतरी त्याचं लपवून ठेवलंय."

बायकांनी शाली सावरल्या.

काय लपवलंय हे सांगायची गरज नव्हती. एखादीचं मूल दिवस भरायच्या आत गेलं, किंवा श्वास न घेताच जन्मलं, तर ते राखणदाराच्या हाती द्यायचं. तो ते वर कड्याखाली नेतो, नाव ठेवतो, दगडांच्या आडोशाला पुरतो. गारांना त्यांचं मिळतं, त्या वरच्या वर जातात. कुणी ते परसात, गोठ्यामागे चोरून पुरलं, तर गारा शोधत शोधत रानात उतरतात. अशा वेळी राखणदाराने घरोघर जाऊन विचारायचं. घरातल्या पुरुषांनी अंगणात थांबायचं, चुलीपाशी बाईला एकटीला विचारायचं. आणि जे कळेल ते चौथ्या दिवशी सभेत, चाबकावर हात ठेवून सांगायचं.

पाच वर्षांपूर्वी अशीच एक सापडली होती. वालेन्तिना नाव. तिला शाळेच्या पटांगणात टोपी काढून उभं केलं होतं. सकाळपासून दुपारपर्यंत एकेका घराने येऊन आपलं किती गेलं ते तिच्या तोंडावर सांगितलं. फटके फक्त तीन होते. पण पुढच्या महिन्यात ती चिलीला निघून गेली, आणि तिच्या धाकट्या बहिणीला मागणी घालायला अजून कुणी आलेलं नाही. त्या दिवशी सेवेरिनोही रांगेत उभा राहून सांगून आला होता: सात सऱ्या.

त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आताही वाटत नव्हतं. टेकडीवर एकटा बसून त्याने तीन महिने अळणी उकडलेले बटाटे खाल्ले होते, आणि कुणा एकीने तोंड उघडलं नाही म्हणून निम्मं रान गेलं होतं. ती सापडायलाच हवी होती. गारांचा मोसम अजून महिनाभर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चघळायच्या कोकाच्या पानांची पिशवी खांद्याला लावून तो निघाला. प्रत्येक घरी चिमूटभर पानं द्यायची, मगच विचारायचं.

पहिली सहा घरं सरळ गेली. सातव्या घरी विधवा मार्सेदोनिया राहायची. तिने पानं घेतली, गालात धरली आणि म्हणाली, "मला विचारतोस? नवऱ्याला जाऊन सोळा वर्षं झाली. माझ्या बाबतीत असं काही झालं असतं ना, तर मीच बँड बोलावून गावभर मिरवलं असतं."

"विचारावं लागतं, वहिनी."

"मग नीट विचार की. एवढा पोंचो घालून आलायस, आणि जमिनीकडे बघून काय विचारतोस?"

तो हसला. पोंचो चढवल्यापासून पहिल्यांदाच.

नवव्या घरी एउलोखिया आजी होती, पंचाहत्तरीची. तिला विचारायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण नियम घराचा होता आणि घरात बाई तीच. मुलगा राइमुन्दो अंगणात जाऊन उभा राहिला. सेवेरिनोने पानं दिली आणि उपचारापुरतं विचारलं. आजीने चुलीत शेणी सारली.

"आज साठ वर्षं कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली.

"काय ते, आजी?"

"मालकाच्या घरी पाळीने जावं लागायचं. माहीत असेल तुला. महिनाभर धुणी, भांडी, दळण. मी पंधराची होते. जमिनी आपल्या झाल्या त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट." तिने बोटाने भिंतीकडे दाखवलं. "मेंढवाड्याच्या कोपऱ्यात. आईने पुरलं. आईने सांगितलं होतं, बोलायचं नाही. आता आई नाही, म्हणून सांगते."

सेवेरिनोने विचारलं, "नाव ठेवलं होतं?"

"कोण ठेवणार? राखणदार मालकाचाच माणूस होता." मग तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "राइमुन्दोला कळू देऊ नकोस, बाळा. तो जमीनदारांवर भाषणं करतो. त्याला हे झेपायचं नाही."

बाहेर राइमुन्दोने विचारलं, "झालं का, ताता? आमच्या म्हातारीचं काही लफडं निघालं का?" आणि तो स्वतःच मोठ्याने हसला.

सेवेरिनो पुढच्या घरी गेला. त्याने स्वतःला समजावलं की हे मोजायचं नाही, फार जुनं आहे. बाराव्या घरी मात्र पन्नाशीच्या फ्लोरेन्सियाने दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात सांगितलं. कथिलाच्या खाणी बंद झाल्या त्या साली नवऱ्याची नोकरी गेली. वसाहतीतून गाशा गुंडाळून ते दोघं परत गावी आले. इथे पोचल्यावर तिसऱ्या दिवशी सगळं झालं. "त्यांना वाटायचं, मी तरी काहीतरी नीट आणलंय," ती म्हणाली. "त्यांना नाही सांगितलं. चुलीच्या मागे आहे."

ज्या चुलीपाशी तो बसला होता तीच चूल. सेवेरिनो सरकला.

एकोणिसाव्या घरची सून ब्युनोस आयर्सला शिवणाच्या कारखान्यात होती. सोळा सोळा तास मशीनवर, दाराला बाहेरून कुलूप. पोटात सातवा महिना असताना ती पळून आली. तिने डोळे वर न करता सगळं एका दमात सांगितलं आणि लगेच विचारलं, "मग आता मला उभं करणार?"

"सभेत सांगावं लागतं," सेवेरिनो म्हणाला.

"मला उभं करा. पण माझं तीन वर्षांपूर्वीचं आहे. मागची दोन्ही वर्षं बटाटा चांगला आला होता ना? यंदाच कसं आठवलं ढगाला?"

त्याने पिशवीतून आणखी चिमूटभर पानं काढून तिला दिली. हे नियमात बसत नव्हतं.

दोन दिवसांत बेचाळीस घरं झाली. त्याला एकीचा शोध होता. त्याला अकरा मिळाल्या. एक मालकाच्या घरची, दोघी खाणींवरच्या, तिघी शहरात घरकामाला राहिलेल्या, एक शिवणाची. बाकीच्या चौघी कुठेच गेल्या नव्हत्या, त्यांना इथेच ओझी वाहताना झालं होतं. प्रत्येकीने जागा सांगितली, आणि प्रत्येकीने शेवटी सांगितलं की कुणाला कळू देऊ नका, ताता. गावातून जाताना त्याला आता प्रत्येक भिंतीचा कोपरा दिसू लागला होता. ज्या वाटेने तो पन्नास वर्षं चालला होता, त्या वाटेवर कुठे पाय टाकावा हेच त्याला समजेना.

त्रेचाळिसावं घर त्याचं स्वतःचं होतं.

तेही नियमातच होतं. तिसऱ्या दिवशी ऊन उतरताना तो आपल्याच अंगणात उभा राहिला आणि परक्यासारखी हाक मारली. त्याची बायको प्रिमितिवा बाहेर आली, हात एप्रनला पुसले, आणि आत वळली. तो तिच्यामागून गेला. तीन महिन्यांनी तो आपल्या चुलीपाशी बसत होता.

त्याने पानं पुढे केली. तिने घेतली नाहीत.

"घे ना गं. अजून सभेची तयारी करायचीय."

"आधी विचार."

"या घरात कुणी..." त्याने नेहमीचं वाक्य सुरू केलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते अर्धंच राहिलं.

"रुफिना," प्रिमितिवा म्हणाली.

रुफिना त्यांची मुलगी. एकोणीस वर्षांची. एल आल्तो शहरात एका डॉक्टरीणबाईंकडे घरकामाला राहायची आणि रात्रशाळेत शिकायची. नोव्हेंबरात मृतांच्या सणाला ती गावी आली होती, तेव्हा सेवेरिनो टेकडीवर गेलेला होता. पोट बिघडलंय म्हणून ती पंधरा दिवस राहिली, असं त्याला पांढऱ्या दगडापाशी कळलं होतं. त्याने पोटासाठी पाला तोडून पाठवला होता.

"पोट बिघडलंय म्हणालीस मला."

"हो."

"राखणदार मी आहे, प्रिमितिवा. माझ्या हातात द्यायचं होतं. मी नेलं असतं वर. कुणाला कळलं नसतं."

"तीन दिवस तुझं जेवण घेऊन दगडापर्यंत आले. तिन्ही दिवस शालीत गुंडाळून बरोबर आणलं होतं." ती चुलीकडे बघत बोलत होती. "पहिल्या दिवशी तू म्हणालास, रान कसं दिसतंय बघ. दुसऱ्या दिवशी म्हणालास, यंदा आपल्या सऱ्यांचे पैसे आले की रुफिनाच्या शाळेची फी भरू. तिसऱ्या दिवशी काहीच बोलला नाहीस, थंडी होती. मी परत आले. तिने पायाला हात लावून सांगितलं होतं, बाबांना नको. मी ओढ्याकाठी पुरलं, आपल्या मेंढवाड्यामागे."

"कोण होता तो?"

"ते तिने मलाही सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं."

सेवेरिनो उठला. कोपऱ्यातली कुदळ घेतली. "चल. दाखव."

त्याच्या डोक्यात आता एकच गोष्ट होती. अजून उजेड आहे. आता काढायचं, पोंचोखाली घ्यायचं, कड्याखाली न्यायचं, नाव ठेवायचं. मग सभेत काय सांगायचं ते उद्या पाहू. गारांना त्यांचं मिळालं की बाकीचं माणसांमाणसांतलं आहे.

मेंढवाड्यामागे ओढा होता. प्रिमितिवा तिथे गेली, थांबली, चार पावलं डावीकडे गेली, पुन्हा उजवीकडे आली.

"इथे काठ होता," ती म्हणाली.

आता काठ नव्हता. टेकडीवर पडलेल्या गारा वितळून त्याच संध्याकाळी ओढ्याने आल्या होत्या, आणि त्यांनी हातभर उंचीची दरड कापून नेली होती. खाली चिखल आणि धुतलेले दगड होते. तरी सेवेरिनोने खणलं. आधी दरडीच्या कडेला, मग खाली, मग दहा पावलं पुढे. प्रिमितिवा हातांनी चिखल उपसत होती. एक निळा लोकरीचा धागा सापडला. तिने तो बोटावर घेऊन पाहिला.

"हा आपला नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "काय की. असेलही."

अंधार पडेपर्यंत त्यांनी खणलं. मग तो टेकडीवर गेला आणि ती घरात.

सभा शाळेच्या पटांगणात झाली. पुरुष बाकांवर, बायका पलीकडे जमिनीवर. मायकु इलारियोनने टेबलावर राखणदाराचा चाबूक ठेवला. सेवेरिनोने त्यावर हात ठेवला.

"किती घरं झाली?"

"त्रेचाळीस."

"कोण निघालं?"

सेवेरिनोने बायकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय दिसेल ते त्याला ठाऊक होतं: अकराजणी जमिनीकडे बघत असतील, बारावी प्रिमितिवा. त्याने एकीचं नाव घेतलं तर बाकीच्या सगळ्यांची घ्यावी लागणार होती. जुन्या सोडून फक्त यंदाची सांगायची तर त्याच्याच घरची एक होती. आणि काहीच नाही सांगितलं तर महिनाभर रान उघडं पडणार होतं, त्रेचाळीस घरांचं, त्याचंही. रात्रभर त्याने हेच उलटसुलट केलं होतं. कुठूनही धरलं तरी ते हातात तुटून येत होतं.

"कुणी नाही," तो म्हणाला.

पुरुषांत गलका झाला. "असं कसं?" राइमुन्दो उभा राहून ओरडला. "त्रेचाळीस घरं फिरलास आणि काहीच नाही? मग ढग काय फिरायला आला होता?"

"नीट विचारलंच नसेल! पोंचो घातला म्हणजे राखणदार होत नाही कुणी!" दुसरा कुणी म्हणाला.

"बायकांनी चहा पाजला असेल," कासिमिरो म्हणाला, पण या वेळी कुणी हसलं नाही.

इलारियोनने हात वर केला. "ताता सेवेरिनो, चाबकावर हात आहे तुझा. पुन्हा विचारतो. कोण?"

"कुणी नाही, मायकु."

"तिसऱ्यांदा विचारतो."

"नाही."

पलीकडून एउलोखिया आजी खोकली. विधवा मार्सेदोनियाने मान वर करून एकदा सगळ्या बायकांवरून नजर फिरवली आणि पुन्हा खाली घातली. कुणी उठलं नाही.

"मग दोष राखणदाराचा," इलारियोन म्हणाला. तो रागावलेला नव्हता, थकलेला दिसत होता. "मीठ खाल्लं असशील. नाहीतर घरी झोपला असशील. ते तुझं तू जाण. सऱ्या मिळणार नाहीत. पोंचो मात्र कार्निव्हलपर्यंत उतरवायचा नाही. मधेच बदलायला दुसरा माणूस नाही आपल्याकडे, जवान पोरं सगळी शहरात."

मग त्याने चाबूक उचलला. सेवेरिनोने टोपी काढली आणि गुडघे टेकले. तीन फटके होते. पोंचो जाड होता, फार लागलं नाही. नंतर नियमाप्रमाणे त्याने मायकुचे आभार मानले आणि मायकुने त्याला जवळ घेतलं. जाताना राइमुन्दो त्याच्याशी बोलला नाही.

दुपारी तो खोपटात परत आला. पश्चिमेला, तळ्यावर ढग जमायला लागले होते. त्याने दोन रॉकेटं काढून उन्हात ठेवली होती, पण ऊन आता गेलं होतं. त्याने त्यांची वात दाबून पाहिली. बोटाला ओल लागली.

प्रिमितिवा जेवण घेऊन येताना दिसली. ती पांढऱ्या दगडापाशी आली. क्षणभर थांबली आणि दगड ओलांडून वर चढू लागली. त्याने हात हलवून तिला थांबायची खूण केली. तिने ती पाहिली आणि चढत राहिली. खोपटापाशी येऊन तिने भांडं ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसली. भांड्यात बटाटे, चीज. त्याने एक बटाटा तोंडात घातला. त्यात मीठ होतं.

त्याने तो खाल्ला.

गावात फोन लागत नाही, टेकडीवर लागतो. सेवेरिनोचा फोन वाजला. रुफिना होती.

"बाबा! जेवलात?"

"जेवतोय. आई आलीय."

"आई? वर? तिला कसं येऊ दिलं?"

"आली." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "परीक्षा कधी तुझी?"

"मार्चमध्ये. बाबा, फी पुढच्या महिन्यात भरायचीय, नाही जमलं तर बाई उचल देतील म्हणाल्यात. तुम्ही काळजी करू नका." मग म्हणाली, "इकडे आकाश एकदम स्वच्छ आहे. तिकडे?"

"इकडेही ठीक आहे."

"बटाट्याला फुलं आली?"

"आली."

"कसली यंदा?"

"पांढरी. काही जांभळी."

ढग तळं सोडून रानावर आला होता. तळ्याकडच्या हिरव्या भागावर त्याची सावली पडली. सेवेरिनोने फोन खांद्यात धरला, एक रॉकेट बाटलीत उभं केलं आणि काडी ओढली. वात पेटली, धूर काढला आणि विझली. प्रिमितिवाने दुसरं त्याच्या हातात दिलं. तेही विझलं. मग त्याला शिंग आठवलं, ते खोपटात कुठेतरी मागे होतं, पण तो उठला नाही.

खोपटाच्या पत्र्यावर पहिली गार पडली. मग दुसरी.

"बाबा, हा आवाज कसला येतोय?"

सेवेरिनोने प्रिमितिवाकडे पाहिलं. तिने तोंडावर शाल धरली होती.

"आई पत्र्यावर मका ओततेय," तो म्हणाला. "वाळायला."

"मोठ्याने ओततेय की."

"हो," तो म्हणाला. "बराच आहे."